फादर बदलले तरी धर्मग्राम तोच

पाळकीय नियोजन आणि धर्मगुरूची भूमिका



आपल्या धर्मग्रामाचा पुढील तीन वर्षांचा पाळकीय आराखडा तयार करण्याचे काम पाळकीय परिषदेने हाती घेतले आहे, हे आपण मिस्सानंतरच्या सूचनांमध्ये ऐकलेच आहे. येत्या आठवड्यांत प्रत्येक विभागाची बैठक होईल. त्याआधी या विषयाचा थोडा अभ्यास व्हावा म्हणून हा लेख.

सूचना दिल्यापासून माझ्या कानांवर दोन प्रकारचे बोलणे आले आहे. काही जण म्हणाले, "फादर, एवढ्या बैठका कशाला? तुम्ही ठरवा, आम्ही करू." दुसरे काही जण जरा खालच्या आवाजात म्हणाले, "आपण काहीही ठरवले तरी शेवटी फादर म्हणतील तेच होणार. आणि फादरांची बदली झाली की नवे फादर सगळे पहिल्यापासून सुरू करणार." पहिले बोलणे प्रेमाचे आहे, दुसरे थोडे दुखावल्याचे. पण दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे : धर्मग्राम म्हणजे फादर. ही समजूत कितपत खरी आहे, हे आपण पवित्र शास्त्र, आपल्याच भागाचा इतिहास आणि चर्चचा कायदा यांच्या आधारे पाहू. दुसरी तक्रार मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण तिच्यात तथ्य आहे आणि तिचे उत्तर देणे माझ्यासारख्या धर्मगुरूला सोपे नाही.

सासऱ्याने दिलेला सल्ला

निर्गमच्या अठराव्या अध्यायात मोशे लोकांचा न्याय करायला बसला आहे आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक त्याच्याभोवती उभे आहेत. हे त्याचा सासरा इथ्रो पाहतो. इथ्रो हा मिद्यानी, परका माणूस. तरीही तो जावयाला स्पष्ट सांगतो की तुझी ही पद्धत बरी नाही, अशाने तूही थकशील आणि लोकही थकतील. मग तो उपाय सुचवतो : देवाचे भय बाळगणारी, सत्यप्रिय, लाच न घेणारी माणसे निवड आणि त्यांना हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नेम. मोशे ते ऐकतो.

या प्रसंगावर प्रवचन करताना आपण बहुधा कामाच्या वाटणीबद्दल बोलतो. पण इथ्रो केवळ मोशेच्या पाठदुखीबद्दल बोलत नाही. लोकही थकतील, असे तो म्हणतो. एकच माणूस सगळे करतो तेव्हा रांगेत ताटकळणाऱ्यांचे हाल होतात. आपल्याकडे घरभरणीचा आशीर्वाद, दाखल्यावरची सही, नवराबायकोचे भांडण, शाळेच्या प्रवेशाची चिठ्ठी, हॉलचे बुकिंग या साऱ्यांसाठी फादरच हवेत, असा हट्ट असतो. आणि त्याच वेळी ज्याला खरोखर पापनिवेदन करायचे आहे तो ऑफिसबाहेरची गर्दी पाहून घरी परत जातो. अशा माणसाची नोंद कुठल्याही वहीत होत नाही.

मोशेने काय स्वतःकडे ठेवले, हेही पाहण्यासारखे आहे. लोकांच्या वतीने देवासमोर उभे राहणे आणि देवाचा मार्ग लोकांना शिकवणे, हे त्याने सोडले नाही. अवघड प्रकरणेही त्याच्याकडेच येत राहिली. बाकीचे दहा-दहांच्या गटांपर्यंत गेले.

विधवांची तक्रार

नव्या करारातला असाच प्रसंग प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे. यरुशलेमच्या मंडळीत दोन भाषांचे लोक होते. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार अशी की रोजच्या वाटपात आमच्या विधवांना डावलले जाते. तक्रार भाषेची होती, भाकरीची होती आणि मानाचीही होती. आज नाहूरमध्ये ती कुणाला अनोळखी वाटणार नाही.

प्रेषितांनी तीन गोष्टी केल्या नाहीत. तक्रार करणाऱ्यांना त्यांनी गप्प बसवले नाही. वाटप स्वतःच्या हातात घेऊन 'आता आम्ही लक्ष घालतो' असे आश्वासन दिले नाही. आणि आपल्या मर्जीतली माणसेही नेमली नाहीत. त्यांनी सगळ्या शिष्यांना एकत्र बोलावले, निवड त्यांच्याकडेच सोपवली आणि निवडलेल्यांवर हात ठेवून प्रार्थना केली. निवडलेल्या सातांची नावे वाचा : स्तेफनपासून निकलावपर्यंत सगळी नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांच्या बाजूने तक्रार आली त्याच बाजूच्या माणसांच्या हाती सगळ्यांचे वाटप दिले गेले. बहुसंख्य लोकांनी एवढा विश्वास दाखवला.

आपल्या मराठी मिस्साला येणाऱ्या मंडळींनी हा भाग घरी पुन्हा वाचावा, अशी माझी विनंती आहे. आपल्यात वसईहून आलेली कुटुंबे आहेत, अहिल्यानगर जिल्ह्यातून आणि मराठवाड्यातून पोटासाठी आलेली आहेत, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गावठाणांत राहिलेली ईस्ट इंडियन घरे आहेत. आपल्याला इंग्रजी कार्यक्रमात मागची बाक मिळते, असे आपण आपसात म्हणतो. ते पाळकीय परिषदेत म्हटले पाहिजे. आणि म्हटल्यावर प्रेषितांच्या पद्धतीप्रमाणे कामही आपल्याच गळ्यात पडेल, याची तयारीही ठेवली पाहिजे. इंग्रजी मिस्साला बसणाऱ्या बंधू-भगिनींना मी यरुशलेमच्या बहुसंख्यांचे उदाहरण वेगळे सांगेन.

साष्टीत घडलेले

धर्मगुरूशिवाय मंडळी टिकते का, हा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकी नाही. आपण राहतो तो सारा परिसर जुन्या साष्टी बेटाचा भाग. १७३७ ते १७३९ या काळात साष्टी आणि वसई मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून जिंकून घेतली. पोर्तुगीज सत्तेबरोबर युरोपियन धर्मगुरू आणि संन्यासी निघून गेले, मठ ओस पडले. ख्रिस्ती गावांची पाळकीय जबाबदारी मुख्यतः एतद्देशीय धर्मगुरूंवर आली. तरीही विश्वास राहिला. आजही कित्येक गावठाणांत क्रूसापुढे लोक जमून प्रार्थना करतात आणि फादर आलेत की नाही याची वाट पाहत नाहीत. ज्यांनी तो विश्वास टिकवला त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत, पण त्यांची पणतवंडे मुलुंड-भांडुपच्या चर्चमध्ये दर रविवारी बसतात.

दुसरे उदाहरण एका आर्चबिशपांचे. १९२८ साली रोम आणि पोर्तुगाल यांच्यात झालेल्या करारानुसार मुंबईच्या आर्चबिशपपदी आळीपाळीने एक पोर्तुगीज आणि एक ब्रिटिश अशी नेमणूक होऊ लागली. त्या व्यवस्थेत थॉमस रॉबर्ट्स हे येशूसंघीय धर्मगुरू १९३७ मध्ये मुंबईचे आर्चबिशप झाले. या जागेवर भारतीय माणूस हवा, असे त्यांचे मत होते. १९४६ मध्ये व्हॅलेरियन ग्रेशियस हे सहायक बिशप झाले आणि आर्चबिशप रॉबर्ट्स कारभार त्यांच्यावर सोपवून मुंबईपासून दूर राहिले, म्हणजे ग्रेशियस यांना मोकळेपणी काम करता यावे. १९५० मध्ये रॉबर्ट्स यांनी पद सोडले, ग्रेशियस आर्चबिशप झाले आणि १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल झाले. रॉबर्ट्स यांच्या योजनेत सर्वांत महत्त्वाचे कलम होते त्यांचे स्वतःचे निघून जाणे. आम्हा धर्मगुरूंच्या नियोजनात हे कलम फार क्वचित असते.

महासभेने लावलेला क्रम

दुसरी व्हॅटिकन महासभा (१९६२-१९६५) आपण नेहमी ऐकतो ती मिस्सा लोकभाषेत आणल्याबद्दल. पण चर्चविषयीच्या 'लुमेन जेन्सियुम' या दस्तऐवजात तिने एक वेगळीच गोष्ट केली. त्यातील दुसरे प्रकरण देवाच्या प्रजेविषयी आहे आणि तिसरे बिशप, धर्मगुरू व डीकन यांच्याविषयी. हा क्रम मुद्दाम लावलेला आहे. आधी स्नानसंस्काराने एक झालेली सारी प्रजा आणि मग त्या प्रजेच्या सेवेसाठी दीक्षित सेवक. हा दस्तऐवज २१ नोव्हेंबर १९६४ रोजी जाहीर झाला आणि अकराच दिवसांनी, २ डिसेंबरला, पोप सहावे पॉल आंतरराष्ट्रीय युखरिस्टिक काँग्रेससाठी मुंबईत उतरले. आपल्यापैकी काही आजीआजोबांनी लहानपणी त्यांना पाहिले आहे. पोपना पाहिल्याची आठवण घरोघरी राहिली. त्यांच्या सहीने नुकत्याच निघालेल्या त्या दस्तऐवजाची नाही. हे साहजिकच आहे, माणूस लक्षात राहतो.

त्याच दस्तऐवजात आणखी एक नाजूक मुद्दा आहे. सर्व स्नानसंस्कारितांचे याजकपण आणि दीक्षित धर्मगुरूचे याजकपण यांत फरक आहे आणि तो केवळ कमी-जास्तीचा नाही, प्रकाराचाच आहे. काहींना वाटते, याचा अर्थ धर्मगुरू वरच्या पायरीवर. फरक पायरीचा असता तर तो कमी-जास्तीचाच झाला असता. हात आणि डोळा यांत वरचा कोण, असे आपण विचारत नाही. संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात शरीराचा हाच दृष्टान्त आहे.

१९६५ मध्ये महासभेने प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याविषयीच्या दस्तऐवजात धर्मग्राम पातळीवरही शक्य तिथे परिषदा असाव्यात असे सुचवले. आशियातील बिशपांनी १९९० साली बांडुंग येथील सभेत सहभागी चर्चचे चित्र मांडले आणि त्याचा पाया म्हणून लहान ख्रिस्ती समूहांकडे बोट दाखवले. मुंबई महाधर्मप्रांतात हे समूह कार्डिनल सायमन पिमेंटा यांच्या काळापासून रुजत आले. बिशप बॉस्को पेन्हा यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे कष्ट घेतले. आपण ज्याला नुसते 'कम्युनिटी' म्हणतो आणि जिथे सात पायऱ्यांनी शुभवर्तमानाचे वाचन करतो, ते मोशेचे दहा-दहांचे गटच आहेत.

समूह जिवंत असेल तर काय होते, ते कोरोनाच्या काळात दिसले. मार्च २०२० मध्ये चर्चचे दरवाजे बंद झाले. महाराष्ट्रात प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली, पुढच्या वर्षी पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी परत उघडली. त्या दीड वर्षात मिस्सा मोबाइलवर दिसत होती, पण कुणाच्या घरी औषध संपले आहे, हे मोबाइलवरच्या मिस्सात दिसत नाही. जिथे समूहाचे ॲनिमेटर घरोघरी फोन करत होते तिथे धर्मग्राम चालू होता.

'फादरच ठरवणार' – कायदा काय म्हणतो?

आता त्या दुखावलेल्या तक्रारीकडे येऊ. १९८३ च्या कॅनन लॉमध्ये पाळकीय परिषदेचा उल्लेख ५३६ व्या कलमात आहे. बिशपांना योग्य वाटल्यास प्रत्येक धर्मग्रामात ती असावी, प्रमुख धर्मगुरू तिचे अध्यक्ष आणि तिचे मत सल्ल्याच्या स्वरूपाचे. लगेच पुढे ५३७ वे कलम येते : अर्थसमिती मात्र प्रत्येक धर्मग्रामात असलीच पाहिजे. पैशांची समिती सक्तीची आणि माणसांची ऐच्छिक, हा योग मला शिकत असल्यापासून खटकत आला आहे. तो इतरांनाही खटकत असावा. २०२१ ते २०२४ या काळात चाललेल्या सिनडच्या अंतिम दस्तऐवजात, पाळकीय परिषदा सक्तीच्या असाव्यात अशी मागणी सर्व टप्प्यांवर झाल्याची नोंद आहे. पोप फ्रान्सिस यांनी तो दस्तऐवज ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केला.

पण 'सल्ल्याचे स्वरूप' म्हणजे काय? ऐकायचे आणि सोडून द्यायचे, असे नव्हे. २१२ व्या कलमानुसार चर्चच्या हिताविषयी आपले मत पाळकांना कळवणे हा श्रद्धावंतांचा हक्क आहे आणि कधीकधी ते त्यांचे कर्तव्यही असते. जे हक्काने बोलले जाते ते ऐकण्याची जबाबदारी समोरच्यावर येते. कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी तिसऱ्या शतकात आपल्या धर्मगुरूंना लिहिले होते की बिशप झाल्यापासून तुमच्या सल्ल्याशिवाय आणि लोकांच्या संमतीशिवाय स्वतःच्या मताने काही करायचे नाही, असे मी ठरवले आहे. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत मठाच्या महत्त्वाच्या प्रश्नावर मठाधिपतीने सर्व बंधूंना बोलवावे, असे सांगितले आहे. कारण पुष्कळदा देव सर्वांत लहानाला अधिक चांगले सुचवतो. ऐकून झाल्यावर निर्णय मठाधिपतीनेच घ्यायचा. या दोन्ही गोष्टी बेनेडिक्ट एकाच प्रकरणात सांगतात आणि त्यांना त्यात विसंगती दिसत नाही.

विसंगती का नाही, हे संत थॉमस अक्वायनस यांच्याकडून चांगले समजते. (सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला एवढी सूट द्या.) विवेक या सद्‌गुणाची तीन कामे आहेत, असे ते म्हणतात : सल्ला घेणे, त्यावरून निर्णय करणे आणि ठरलेले अमलात आणणे. यांतले मुख्य तिसरे, कारण विवेक हा कृतीचा गुण आहे. शिवाय शिकून घेण्याची वृत्ती हा ते विवेकाचाच एक भाग मानतात. परिस्थिती इतक्या नाना तऱ्हांची असते की एकट्या माणसाला सगळे दिसणे शक्य नाही, म्हणून अनुभवी लोकांकडून शिकावेच लागते.

या तीन पायऱ्या धर्मग्रामाला लावून पाहा. काही ठिकाणी पहिलीच पायरी चालते. बैठकांवर बैठका, चहा-समोसे, इतिवृत्त आणि पुढची तारीख. काही ठिकाणी पहिली गाळून थेट हुकूम येतो. काम झटपट होते आणि फादरांच्या बदलीबरोबर थांबते. आणि काही ठिकाणी सल्ला होतो, निर्णय होतो, पण अंमल 'कुणीतरी करेल' या माणसावर सोडला जातो. हा 'कुणीतरी' बहुधा त्याच चार भगिनी असतात, ज्या फुलेही लावतात, धर्मशिक्षणही घेतात आणि सणाच्या दिवशी शेवटी जेवतात. परिषदेत मात्र त्यांच्या खुर्च्या कमी आणि भाषणे त्यांच्या यजमानांची जास्त.

तेव्हा निर्णयाचा क्षण धर्मगुरूचा आहे, हे खरे. धर्मग्राम बिशपांनी त्याच्यावर सोपवलेला असतो आणि उद्या विचारणा झाली तर त्यालाच उत्तर द्यावे लागते. पण सल्ल्यावाचून घेतलेला निर्णय विवेकाचा ठरत नाही, मग तो घेण्याचा अधिकार कितीही पूर्ण असो.

जे दुसऱ्याला देता येत नाही

सगळे वाटून दिले तर फादरांना काय उरते? पुष्कळ उरते. मिस्सा, पापनिवेदन आणि रुग्णाभ्यंग हे संस्कार धर्मगुरूवाचून होत नाहीत. प्रमुख धर्मगुरूने दर रविवारी आणि सक्तीच्या सणांना एक मिस्सा आपल्या धर्मग्रामातील लोकांसाठी अर्पण करावी, असे ५३४ वे कलम सांगते. त्या मिस्सासाठी कुणाचीही देणगी नसते, कुणाच्या नावाची चिठ्ठी नसते. मिस्साला येणारे, न येणारे, माझ्यावर रागावलेले, सगळे तिच्यात असतात. ही गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहितो.

५२९ वे कलम तर मी प्रत्येक नवदीक्षित धर्मगुरूला पाठ करायला सांगेन. पाळकाने आपल्या लोकांना ओळखावे, कुटुंबांना भेटी द्याव्यात, त्यांच्या चिंतेत आणि विशेषतः मृत्यूच्या दुःखात सहभागी व्हावे, आजारी व मरणासन्न माणसांना धीर द्यावा, गरीब, एकाकी आणि घरापासून दूर पडलेले यांच्याकडे विशेष लक्ष द्यावे. हा कायदा आहे, भक्तिपर पुस्तकातील सुविचार नव्हे. त्यात बांधकामाचा शब्द नाही. मालमत्तेची जबाबदारी वेगळ्या कलमात आहे आणि तीही प्रमुख धर्मगुरूवर येते, हे मला ठाऊक आहे. पण ज्या कामात सल्लागार, हिशेबनीस आणि अभियंते भरपूर मदत करू शकतात त्या कामात धर्मगुरूचे दिवस जातात आणि मरणासन्न माणसाच्या उशाशी बसण्याचे काम, जे त्याचे खास स्वतःचे, ते दोन मिनिटांत उरकले जाते. कामाची वाटणी करायची ती यासाठी. तिच्यामुळे फादरांना आराम मिळणार नाही. उलट जिने जास्त चढावे लागतील.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुलै २०२० मध्ये रोमहून धर्मग्रामाविषयी एक मार्गदर्शक दस्तऐवज आला. पाळकीय परिषदेचे महत्त्व त्याने सांगितलेच, पण डीकन किंवा प्रापंचिक सेवकांना 'सह-प्रमुख धर्मगुरू' किंवा 'व्यवस्थापक' अशा पदव्या देऊ नयेत, असेही बजावले. भारतात राहणाऱ्याला यातील शहाणपण चटकन कळते. आपल्याकडे पदवी मिळाली की खुर्ची येते, खुर्ची आली की ती घट्ट धरली जाते. एकाच घराण्याकडे वीस वर्षे एखादी संस्था असणे हा फादरशाहीवरचा उपाय नव्हे. ती तिचीच दुसरी आवृत्ती आहे, फक्त झगा नाही.

लोकांचे ऐकून काम करणाऱ्या धर्मगुरूचे एक मराठी उदाहरण आपल्याजवळ आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आले आणि तिथल्या साष्टीत (ही साष्टी गोव्याची, आपली नव्हे) त्यांनी बहुतेक आयुष्य घालवले. १६१६ मध्ये छापले गेलेले त्यांचे 'ख्रिस्तपुराण' कसे सुरू झाले, ते त्या ग्रंथातच आले आहे. धर्मशिक्षणाच्या वेळी नव्याने ख्रिस्ती झालेल्या एकाने त्यांना सांगितले की प्रश्नोत्तरे ठीक आहेत, पण पूर्वी आम्हांला पुराणे होती, तसे काही आम्हांला हवे. फादरांनी ते मनावर घेतले आणि हजारो ओव्यांचा ग्रंथ उभा राहिला. ओव्या फादरांच्या, गरज ओळखली ती समोर बसलेल्या श्रोत्याने.

आता नाहूरचे

नाहूरमध्ये आज अशा कोणत्या गरजा आहेत? एल.बी.एस. मार्गाच्या कडेने जिथे कारखाने होते तिथे उंच इमारती उभ्या राहिल्या. त्या इमारतींत किती कॅथलिक कुटुंबे राहायला आली, हे आपल्या नोंदवहीवरून पूर्ण कळत नाही. गेटवर रखवालदार नाव विचारतो आणि मोबाइलवर परवानगी आल्याशिवाय आत सोडत नाही. तिथे अनोळखी ॲनिमेटर कसा पोहोचणार? त्याच इमारतीत राहणारा कुणी आपला माणूस असेल तरच दार उघडेल. जुन्या चाळींत दार उघडे असते, पण मुले परदेशी गेलेली आणि मागे म्हातारी माणसे एकटी. तरुण मंडळी रात्री साडेनऊची लोकल पकडून येतात आणि आपण समूहाची प्रार्थना आठला ठेवतो. मग 'तरुण येत नाहीत' म्हणून खेद व्यक्त करतो.

ही माहिती मला थोडी आहे, तुम्हांला पुष्कळ आहे. म्हणून आराखडा माझ्या टेबलावर होऊ शकत नाही. आणि तो लेखी असला पाहिजे. उद्या माझी बदली झाली (आणि ती ठरावीक काळाने होणारच) तर नव्या फादरांच्या हाती चाव्या आणि हिशेबाच्या वह्या जातील, त्यांच्याबरोबर हा आराखडाही जाईल. त्यात काय करायचे याबरोबरच ते कोण करणार आणि कधी पाहणी होणार, हे लिहिलेले असेल. नवे फादर तो बदलू शकतील, तो अधिकार त्यांचा. पण बदल करताना त्यांना परिषदेसमोर बसावे लागेल आणि परिषदेला काय चालले होते व का, हे सांगता येईल. 'जुने फादर असे करायचे' या वाक्याला वजन नसते. 'आम्ही सगळ्यांनी मिळून असे ठरवले होते आणि इतके झाले' याला असते.

माझ्याकडून दोन गोष्टी मी परिषदेला कळवल्या आहेत, त्या इथेही लिहितो. परिषदेने एकमताने किंवा मोठ्या बहुमताने सुचवलेले मला मान्य करता आले नाही, तर त्याचे कारण मी लेखी देईन आणि ते इतिवृत्तात राहील. दुसरे, पाळकीय आराखड्यातील प्रत्येक खर्चाचा हिशेब वर्षातून एकदा याच पत्रकात छापला जाईल. लोकांनी दिलेल्या दानाचा हिशेब लोकांना द्यावा, असे १२८७ वे कलम सांगतेच.

विभागांच्या बैठकांना मी तयार मसुदा घेऊन येणार नाही. ॲनिमेटरांकडे आपापल्या विभागातील घरांची यादी आहे. बैठकीला येण्यापूर्वी ती एकदा वाचावी आणि ज्या घरी गेल्या वर्षभरात आपल्यापैकी कुणीही गेले नाही, त्या घरापुढे पेन्सिलीने खूण करावी. यादीत नसलेले पण आपल्याला माहीत असलेले घर खाली लिहावे. बैठकीची सुरुवात आपण त्या यादीपासून करू.